डोंगरवाटेची दुरुस्ती: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पाऊस ओसरला की नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपांत श्रमदानाचे बेत सुरू होतात. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज, कुठलंही नाव घ्या, तक्रार एकच: वाटेचा ओघळ झालाय. गेल्या अंकात याच विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं थोडक्यात देत आहोत. पत्रलेखकांच्या नावाऐवजी ठिकाण दिलं आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाणी वाटेबाहेर काढण्यासाठी दगडांच्या नऊ आडव्या ओळी टाकल्या. जुलैत पाहिलं तर सहा गाळाखाली गाडल्या गेलेल्या, दोन उखडून खाली गेलेल्या, एकच शाबूत. दगड चांगले मोठे होते. चुकलं काय?
*गंगापूर रोड*

दगडाच्या आकाराचा इथे संबंध नाही. तुमच्या वर्णनावरून ओळी वाटेला काटकोनात पडल्या असाव्यात. काटकोनातली ओळ पाणी बाहेर काढत नाही, अडवते. पाणी अडलं की वेग मरतो, वेग मेला की पोटातली माती-वाळू तिथेच बसते. दोन-तीन मोठ्या सरींत दगडामागची जागा भरून सपाट होते आणि पुढच्या सरीचं पाणी दगडावरून थेट खाली कोसळतं. कोसळतं तिथे खळगा पडतो, खळगा मागे सरकत दगडाच्या बुडाशी शिरतो आणि दगड पुढे कलंडतो. तुमच्या सहा ओळी पहिल्या पायरीवर थांबल्या, दोन दुसऱ्या पायरीपर्यंत गेल्या. शाबूत राहिलेली ओळ मात्र पुन्हा जाऊन नीट पाहा. बहुधा ती वळणावर असेल, किंवा दगड मिळतील तसे लावताना आपोआप तिरकी बसली असेल.

ओळ निदान ४५ अंश तिरकी हवी. कोनमापक लागत नाही: वाट १ मीटर रुंद असेल तर ओळीचं दरीकडचं टोक डोंगराकडच्या टोकापेक्षा १ मीटर खाली धरायचं. चढ जास्त असेल तर दीड मीटरपर्यंत. दगड ४० सेंटीमीटर उंचीचा असेल तर २५ ते २८ सेंटीमीटर जमिनीत गेला पाहिजे, म्हणजे दोन भाग आत आणि एक भाग वर. डोंगराकडचं टोक उतारात ३० सेंटीमीटर घुसवा, नाहीतर पाणी मागून वळसा घालून येतं. दरीकडचं टोक वाटेच्या कडेबाहेर तेवढंच काढा. प्रत्येक दगड शेजारच्याला घट्ट भिडलेला हवा. फटीत माती भरू नका, कपच्या ठोकून बसवा.

एवढं करूनही बहुतेक ओळी फसतात त्या तोंडाशी. पाणी ओळीला लागून वाटेच्या कडेपर्यंत येतं आणि तिथे जुन्या मातीचा उंचवटा किंवा गवताचा ठोंब असतो. मग ते परत वाटेवरच फिरतं. म्हणून कडेबाहेर ५० सेंटीमीटर रुंद आणि मीटर-दीड मीटर लांब चारी काढायची, तिचा उतार वाटेपेक्षा जास्त ठेवायचा आणि शेवटी पाणी पडेल तिथे मुठीएवढ्या ते डोक्याएवढ्या दगडांचं अंथरूण घालायचं. ओळीच्या वरच्या अंगाला मीटरभर लांबीत बशीसारखा उथळ खोलगटपणा द्या. चारी काढायला दहा मिनिटं लागतात, पण संध्याकाळचा चहा आलेला असतो आणि नेमकं तेच काम राहून जातं.

ओळी किती अंतरावर हव्यात ते चढावर ठरतं. १० मीटर दोरी वाटेवर ताणा आणि दोन टोकांच्या उंचीतला फरक पाण्याच्या नळीनं मोजा. पाणलोटाच्या कामात पातळी मोजायला वापरतात तो हायड्रोमार्कर असेल तर उत्तमच. १ मीटर फरक आला तर चढ १० टक्के. घाटमाथ्याच्या पावसात १० टक्क्यांना साधारण २० मीटरवर, १५ टक्क्यांना १२ मीटरवर आणि २० टक्क्यांच्या पुढे ८ मीटरवर ओळ लागते. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीत तीन हजारांच्या पुढे जातो. त्यामुळे रामशेजला चाललेलं अंतर इगतपुरीकडच्या डोंगरांवर चालेलच असं धरू नका. पहिली ओळ कुठे टाकायची? जिथे ओघळ सगळ्यात खोल दिसतो तिथे नाही, तर त्याच्या बऱ्याच वर, जिथून पाणी पहिल्यांदा वाटेवर चढतं तिथे.

काम झालं की ओळीच्या ३ मीटर वरून २० लिटरचे दोन कॅन एकामागून एक ओता. पहिला कोरडी माती पिऊन टाकते, खरं काय ते दुसरा सांगतो.

आणखी एक. चढ १२-१५ टक्क्यांच्या आत असेल आणि जमत असेल तर ओळीच्या जागी दगड लावूच नका. वाट उतरता उतरता ३ ते ४ मीटर लांबीत किंचित वर चढवा, २०-२५ सेंटीमीटर पुरे, आणि मग पुन्हा उतरू द्या. खोलगटाचं तोंड दरीकडे उघडं ठेवा. अशा उलट उताराला पाणी हमखास बाहेर पडतं, उखडायला दगड नसतो आणि चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ओळीवर पाय अडखळतो म्हणून लोक बाजूनं जातात, तोही त्रास नाही.

वाट मध्येच गुडघाभर खोल ओघळात उतरते, लांबी तीसेक मीटर. ट्रॅक्टरभर मुरूम पायथ्याशी मिळतोय. घमेल्यांनी वर नेऊन भरून टाकला तर?
*सातपूर*

पहिल्या जोरदार सरीत तो मुरूम पायथ्याशी परत येईल. भरलेली माती कितीही चोपली तरी तिच्या खालून आणि कडेनं पाणी वाट काढतं. ओघळ भरायचा असेल तर त्याच्याकडूनच भरून घ्यायचा: आत दगडी अडथळे टाकायचे आणि वरून येणारा गाळ त्यामागे साचू द्यायचा. पाणलोटवाले ज्याला अनगड दगडी बांध म्हणतात त्याचंच हे छोटं रूप.

हिशेब असा. ओघळाचा उतार २० टक्के आणि बांधाची उंची ४० सेंटीमीटर धरली तर दोन बांधांत २ मीटर अंतर येतं, कारण खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत हवा. ३० मीटरला १५ बांध. ओघळ मीटरभर रुंद असेल तर दोन्ही काठांत ३० सेंटीमीटर घुसवून बांधाची लांबी १६० सेंटीमीटर होते. बुडाला ८० सेंटीमीटर, माथ्याला ४०, खाली १५ सेंटीमीटर पाया. म्हणजे एका बांधाला साधारण अर्धा घनमीटर दगड, वजनात पाऊण टन, घमेल्यांत तीस ते पस्तीस. पंधरा बांधांना अकरा-बारा टन दगड लागेल. एवढा दगड जवळपास आहे का, हे टिकाव उचलण्याआधी पाहा.

मोठे दगड उताराच्या अंगाला, बारीक दगड वरच्या अंगाला. माथा मध्यभागी काठांपेक्षा १० ते १५ सेंटीमीटर खाली ठेवायलाच हवा. सपाट माथ्याचा बांध पाणी काठाकडे ढकलतो, काठ कापला जातो आणि एका पावसात ओघळ दुप्पट रुंद होतो. असा बांध नसलेला परवडला. खाली पाणी पडेल तिथे दगडांचं अंथरूण घाला.

आता मुख्य गोष्ट. बांध घालून ओघळ बरा होईल, पण त्यातून वाट नेऊ नका. वाट शेजारून, आडव्या उतारानं न्यायला हवी, आणि ओघळाच्या वरच्या टोकाला पाणी बाहेर काढणारी ओळ आधी व्हायला हवी. तशी जागा आहे का, हे ठरवायला सोपा नियम आहे: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगर ४० टक्के उताराचा असेल तर वाट २० टक्क्यांच्या आत. त्याच्या पुढे गेली की ती नुसती वाट राहत नाही, पाण्याचा रस्ता होते. आपल्याकडच्या बऱ्याच वाटा सोंडेवरून नाकासमोर वर चढतात. त्यांच्यावर दर वर्षी घाम गाळण्यापेक्षा वन विभागाशी बोलून तेवढा तुकडा बदलणं स्वस्त पडतं. चांगल्या आडव्या वाटेचा चढ सरासरी १० टक्के आणि दरीकडे हलका कल, मीटरला ५ सेंटीमीटर. मीटरभर सरळ फळी आडवी ठेवून तिच्यावर गवंड्याची लेव्हल ठेवा. फळी लेव्हलला आली की दरीकडच्या टोकाखाली पाच सेंटीमीटर फट दिसली पाहिजे.

सिमेंट वापरलं तर एकदाच काम होऊन जाईल ना?
*नाशिक रोड*

नाही. खालची माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. कोरड्या बांधणीचे दगड तिच्याबरोबर थोडे सरकून पुन्हा बसतात, सिमेंटची लादी मात्र तशीच अधांतरी राहते. मग खालून पाणी शिरतं, पोकळी होते, लादी तुटते आणि तिचे तुकडे काढणंही होत नाही. शिवाय ताज्या कामावर निदान आठवडाभर पाणी मारायचं, तेही डोक्यावरून वर नेऊन. वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या गोण्यांचा सल्लाही कुणी देईल. दोन उन्हाळ्यांत गोणीचा भुगा होतो आणि ते धागे वर्षानुवर्षं डोंगरात राहतात.

गडाच्या वाटेवर आम्ही दगडी पायऱ्या बांधल्या. काही डुगडुगतात. त्याहून वाईट म्हणजे लोक पायऱ्या सोडून कडेनं चढतात आणि आता कडेलाच नवा ओघळ पडलाय.
*इंदिरानगर*

कडेनं चढणाऱ्यांना दोष देऊ नका, पायरीची उंची मोजा. २० सेंटीमीटरच्या वर गेली की पाठीवर सॅक असलेला माणूस बाजूची माती शोधतो. उंची १५ ते २० आणि पाय ठेवायला निदान ३० सेंटीमीटर खोली हवी. सगळ्या पायऱ्या शक्य तितक्या एकसारख्या ठेवा. मध्येच एक उंच आली की लोक तिथूनच बाहेर पडायला लागतात. दोन्ही कडांना गुडघ्याएवढे ओबडधोबड दगड अर्धे पुरून ठेवा, टोकं वर, सलग नाही. गुळगुळीत सपाट दगड कडेला ठेवला तर लोक त्याचीच पायरी करतात.

बांधणी खालून वर. पहिली पायरी सगळ्यात जड आणि पूर्ण पुरलेली. पुढची पायरी खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर ५ ते ८ सेंटीमीटर चढली पाहिजे, म्हणजे वरचं वजनच खालची दाबून धरतं. नुसत्या मातीवर टेकवलेल्या पायऱ्या सुट्या सुट्या सुटतात. माथ्याला पुढे सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर कल द्या, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं. मागची पोकळी मातीनं भरू नका. माती धुऊन जाते आणि पायरी मागे बसते. कपच्या आणि खडी १० सेंटीमीटरच्या थरांनी भरून पहारीच्या बुडानं ठोका.

डुगडुगणाऱ्या पायऱ्यांचं कारण बहुतेक वेळा पुढून ठोकलेली पाचर असते. पायरी हलली की पुढच्या फटीत कपची मारायची सवय गवंडीकामातून येते. डोंगरात ती कपची महिनाभरात निसटते. दगड उचला, बुड साफ करा, तीन जागी पक्का टेकेल अशी बैठक खोदा आणि पाचर मारायचीच तर मागून, जिथे भरावानं दाबली जाईल तिथे. मग प्रत्येक कोपऱ्यावर एका पायानं उभं राहून पाहा. आवाज आला तरी काढायची. आज 'कट्' वाजणारी पायरी आषाढात गेलेली असते.

वजनाचा अंदाज आधी घ्या. आपला बेसाल्ट घनमीटरला पावणेतीन ते तीन टन भरतो. ६० बाय ४० बाय २० सेंटीमीटरचा पायरीदगड सव्वाशे ते दीडशे किलोचा होतो. तो उचलायचा नसतो, दोन पहारींनी सरकवायचा असतो. शिकाऊ दोघांना एक पायरी नीट बसवायला दोन-तीन तास लागतात. रविवारी पन्नास पायऱ्यांचा बेत कुणी सांगितला तर त्यातल्या किती पुढच्या दिवाळीला असतील तेही विचारा. दर आठ-दहा पायऱ्यांनंतर, आणि सगळ्यात वरच्या पायरीच्या वर तर नक्कीच, पाणी बाहेर काढणारी ओळ हवी. ती नसेल तर पायऱ्यांचा धबधबा होतो.

जागा निवडताना लाल मातीचा पट्टा ओळखा. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा मऊ लाल थर येतो. ओला झाला की साबण. त्यात पुरलेला दगड थरासकट घसरतो. खाली घट्ट मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोदा, आणि थर फार जाड असेल तर पायऱ्या त्याच्या खाली-वर ठेवून मधला भाग आडव्या वाटेनं पार करा.

आमच्या पाड्यावरून गडावर जाणारी वाट शहरातल्या मुलांनी दुरुस्त केली. दिसायला छान, पण गुरं पायऱ्यांवरून उतरत नाहीत. मोळी घेऊन येणाऱ्या बायांनाही अवघड जातं. त्यांना कसं सांगावं?
*त्र्यंबकेश्वर तालुका*

तुमची तक्रार रास्त आहे आणि हे पत्र इतर सगळ्यांनी वाचावं. ती वाट ट्रेकर वर्षातून दहा वेळा वापरतात, पाडा रोज वापरतो. गुरांना अरुंद, उंच पायऱ्या उतरता येत नाहीत. ती कडेनं जातात आणि खुरांनी कड ढासळते. अशा ठिकाणी लांब पायरी करायची: उंची १२ ते १५ सेंटीमीटर आणि खोली १ मीटर ते १२० सेंटीमीटर, दोन दगडी कडांमध्ये ठोकलेला मुरूम. जागा असेल तर पायऱ्यांच्या बाजूनं १५ टक्क्यांच्या आतला स्वतंत्र उतार काढता येतो. डोक्यावर आडवी मोळी असते तेव्हा वाटेची रुंदी जमिनीवर मोजून भागत नाही, खांद्याच्या उंचीवर दीड मीटर मोकळी लागते. वळणावर आणखी.

मुलांना सांगायची वेळ कामाच्या आधीची. ग्रामसभेत किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या आणि अट घाला की आखणीच्या दिवशी गुराखी आणि दोन बाया सोबत चालतील. पावसात कुठे पाणी उतरतं, कुठला दगड हलतो, कुठून गुरं पाण्यावर जातात हे त्यांना ठाऊक असतं. हे कुठल्याही ॲपमध्ये सापडत नाही.

परवानगी कुणाची लागते? आम्ही तर फुकट काम करतोय.
*सिडको*

फुकट असो की विकत, जमीन तुमची नाही. बहुतेक डोंगर वनजमिनीत येतात, म्हणून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यायचा. त्यात वाटेचा नकाशा, दुरुस्तीच्या जागांचे फोटो, कामाचं स्वरूप, माणसांची संख्या आणि तारखा असाव्यात. झाड तोडणार नाही, दगड बाहेरून आणणार नाही आणि विस्तव करणार नाही, हे स्वतःहून लिहा. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम करता येत नाही, आणि दुरुस्ती किंवा नियंत्रित क्षेत्रातलं काम असेल तरी आधी परवानगी हवी. किल्ला राज्य संरक्षित असेल तर राज्य पुरातत्त्व विभाग.

अंजनेरीला आणखी काळजी घ्या. २०१७ मध्ये तिथे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. अंजनेरीचंच नाव मिळालेलं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, तिथलं. या झाडाचा कंद जमिनीत असतो आणि पानं-फुलं पावसाळ्यातच दिसतात. डिसेंबरात पठारावरून दगड गोळा करणाऱ्याला खाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. पठारावरचा दगड हलवायचाच नाही. कड्यांवर गिधाडांची घरटी असतात, आणि हिवाळा हा त्यांचा विणीचा काळ. कड्याखाली घण चालवू नका.

मग दगड आणायचा कुठून? घसाऱ्यातून, म्हणजे उतारावर घसरून साचलेल्या सुट्या दगडांतून, किंवा वाटेवरच पडलेला. तटबंदीचा ढासळलेला चिरा, वीरगळ, शेंदूर लावलेला दगड, ओढ्याच्या तळाचा दगड आणि वाटेच्या वरच्या उतारात रुतलेला दगड, यांना हात लावायचा नाही. शेवटचा काढलात तर तिथूनच नवा ओघळ सुरू होतो.

राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर आहे, ४० विद्यार्थी. हत्यारं किती आणि कामाची वाटणी कशी?
*एका महाविद्यालयाचे कार्यक्रम अधिकारी*

चाळीस जण एकाच वेळी अरुंद वाटेवर काम करू शकत नाहीत. एका वेळी २४ पुरे, सहा-सहांच्या चार तुकड्या. बाकीचे १६ पाणी, दगड निवडणं, मोजमाप आणि पायथ्याला ये-जा करणाऱ्यांना थांबवणं यांत ठेवा आणि दर दोन तासांनी अदलाबदल करा. प्रत्येक तुकडीत दोघं खोदायला, दोघं दगड आणायला, एक जण बसवायला आणि एक फक्त नजर ठेवायला. नजर ठेवणाऱ्याच्या हातात हत्यार नको.

दीड मीटर लांबीच्या पहारी ८, टिकाव ८, फावडी ८, घमेली २०, घण २, सुतकी ४, छिन्न्या ४. हातमोजे सगळ्यांना, हेल्मेट काम करणाऱ्या २४ जणांना. दोन बांबू आणि ज्यूटचं पोतं यांची झोळी करून चौघं मिळून ६०-७० किलोचा दगड नेऊ शकतात. खांद्यावर घेऊन कुणालाही जाऊ देऊ नका. टिकाव चालवणाऱ्यांत ३ मीटर अंतर ठेवा आणि एका तुकडीच्या थेट खाली दुसरी तुकडी कधीही नको. दगड सुटला तर सगळ्यांनी एकच आरोळी द्यायची, 'दगड!', आणि खालच्यांनी वर पाहायचं, लगेच पळायचं नाही.

दगडाखाली फुरसं आणि विंचू सापडतात. दगड उलटताना पहारीनं पलीकडची कड उचला आणि स्वतःकडे उलटवा, म्हणजे खालून काही निघालं तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो. उघड्या बोटांनी कड धरायची नाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही नको. दंश झालेला भाग हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. सापाच्या विषावरचं औषध (अँटी-स्नेक व्हेनम) जवळ कुठल्या रुग्णालयात आहे, याची चौकशी शिबिराच्या आधी झालेली हवी.

पहिले दीड दिवस फक्त मोजमाप आणि आखणी करा. मुलं कुरकुरतील. सातव्या दिवशी पंधरा-वीस ओळी, एक ओघळ आणि थोड्या पायऱ्या एवढं झालं तरी शिबिर सार्थकी लागलं.

चोरवाटा बंद कशा करायच्या? काटे टाकले तर दोन दिवसांत कुणीतरी बाजूला करतं.
*पंचवटी*

काटे हटतात कारण त्यांच्यापलीकडची चोरवाट वाटेसारखीच दिसते. आधी ती दिसेनाशी करा. तुडवून दगड झालेली माती टिकावानं १०-१५ सेंटीमीटर उकरा, वरच्या आणि खालच्या टोकाचे ५-६ मीटर तरी. त्यावर डोक्याएवढे दगड ठिकठिकाणी अर्धे पुरा आणि वाळक्या फांद्या टाका. लांब चोरवाटेवर छोटे दगडी बांधही लागतील, नाहीतर माणसं थांबली तरी पाणी त्यातूनच धावतं. फांद्यांसाठी घाणेरी तोडत असाल तर फळं आलेली घेऊ नका, नाहीतर नवी घाणेरी पेरल्यासारखं होईल. फार जाड थरही नको. फेब्रुवारीनंतर वणवा लागला तर तोच सरपण होतो.

बी जूनच्या पहिल्या पावसाआधी आठ-दहा दिवस टाका. पवना, मारवेल, डोंगरी ही इथलीच गवतं, त्याच डोंगराच्या पायथ्याला दिवाळीनंतर गोळा केलेली असतील तर उत्तम. घायपात लावू नका. बाहेरची आहे आणि एकदा पसरली की काढताना नाकी नऊ येतात.

आणि मूळ वाट बिकट असेल तर चोरवाट पुन्हा पडणारच. चोरवाट जिथून फुटते तिथे मूळ वाटेत चिखल, उंच पायरी किंवा निसरडा कातळ आहे का, ते आधी पाहा.

काम कोणत्या महिन्यात करावं? पावसाळ्यात काही करता येतं का?
*इगतपुरी*

खोदकामाला ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबर सगळ्यात चांगला. माती ओलसर असते, टिकाव लागतो, भराव चोपला की बसतो. जानेवारीनंतर मुरूम दगडासारखा होतो आणि कोरडा भराव कितीही ठोका, बसत नाही. मार्चनंतर ऊन आणि वणवा, तेव्हा फक्त दगड गोळा करणं आणि मोजमाप.

पावसाळ्यात खोदकाम पूर्ण बंद. ओल्या मातीवर चाळीस जणांनी दिवसभर वावर केला तर दुरुस्तीपेक्षा नुकसान जास्त. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणारी गर्दी नेमकी माती सगळ्यात मऊ असतानाच येते, आणि २०२७ चा सिंहस्थ त्याच मोसमात आहे. त्या बाजूची कामं करणाऱ्यांनी पाण्याच्या ओळी २०२६ च्या डिसेंबरात संपवाव्यात आणि पायऱ्यांचा हट्ट बाजूला ठेवावा.

पावसात दोघं-तिघं मात्र जरूर जा. भर सरीत वर चढून उभं राहा आणि पाणी कुठून वाटेवर येतं, कुठल्या ओळीला बाहेर पडतं, कुठली ओलांडून जातं, ते फोटो काढून नकाशावर टिपा. गढूळ पाणी माती कापतंय, नितळ पाणी फक्त वाहतंय. उन्हाळ्यात कितीही डोकं लावलं तरी ही माहिती मिळत नाही. सोबत एकच फावडं न्या आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी साचलेला गाळ बाहेर ओढा. एका तोंडाला दोन-तीन मिनिटं लागतात. जूनच्या अखेरीस एकदा, जुलैत दोनदा आणि ऑगस्टात एकदा एवढी फेरी केली तर ओळ वर्षानुवर्षं चालते. काढलेला गाळ वाटेच्या दरीकडच्या कडेला रचू नका, तिथे त्याचा बांध होऊन पाणी वाटेवरच राहतं. खालच्या उतारावर लांब फेका, किंवा घमेलं असेल तर वरच्या एखाद्या उघड्या पडलेल्या मुळावर नेऊन टाका.